पाय जमिनीवर, डोकं ढगात!

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचं, तेही खिशाला परवडेल असं! त्यासाठी लागणाऱ्या रडर पेडल्सच्या मागे घालवलेल्या दोन शनिवारांची ही लॅमिंग्टन रोड सफर...

“पेडल? शिलाई मशीनचं का?”

“नाही हो काका, विमानाचं.”

काकांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि मला नीट न्याहाळलं. शनिवारची दुपार. ग्रँट रोड स्टेशनपासून चार पावलांवरचा लॅमिंग्टन रोड. एका बाजूला सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला वायरींची भेंडोळी, मधूनच ‘साइड, साइड’ ओरडत जाणारा हातगाडीवाला आणि घामाघूम होऊन विमानाचं पेडल मागणारी मी! काकांना हसू आवरेना. “ताई, विमान सांताक्रूझला मिळतं. इथे फक्त वायर मिळते.”

बरोबर होतं त्यांचं. पण माझं काम सांताक्रूझला होणार नव्हतं. तिथे एकतीस वर्षं काढून झाली होती... माझ्या बाबांची!

खुर्चीवरचे कपडे

माझे बाबा एका एअरलाइनमध्ये रॅम्पवर होते. रॅम्प म्हणजे विमान उभं राहतं ती जागा. सामान चढवायचं, उतरवायचं, शिडी लावायची, चाकांना ठोकळे लावायचे, काढायचे. १९८७ ते २०१८. ऊन असो, पाऊस असो, विमानाच्या पोटाखाली उभं राहायचं. पोटाच्या वर काय चालतं, हे मात्र त्यांनी फारसं पाहिलंच नाही. कॉकपिटमध्ये एकदाच डोकावले होते. त्याचं वर्णन आम्ही दोघा भावंडांनी लहानपणी किमान शंभर वेळा ऐकलंय.

मग आला २०२०चा लॉकडाऊन. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. दादाने डोंबिवलीच्या घरातल्या पीसीला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि बाबांना समोर बसवलं. त्यानंतर बाबा उठलेच नाहीत म्हणा ना! आधी कीबोर्डवर, मग दादाने आणलेल्या जॉयस्टिकवर. जेवायला हाक मारली की उत्तर ठरलेलं, “फायनलवर आहे, पाच मिनिटं!”

ही स्टिक ‘ट्विस्ट’वाली होती. म्हणजे ती पिळली की विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळतं. स्वस्त आणि मस्त सोय. पण गेल्या वर्षी बाबांचं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी संधिवात सांितला आणि मनगट पिळायचं नाही, अशी ताकीद दिली. बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त काही दिवसांनी सिम्युलेटरसमोरच्या खुर्चीवर धुतलेले कपडे दिसायला लागले. आमच्या घरात एखादी खुर्ची रिटायर झाली, हे असंच कळतं.

दादा आता पुण्यात, ईएमआयमध्ये बुडालेला. मी फ्रीलान्सर. आमचे चेक कधी येतात, हे फक्त देवाला आणि अकाउंट्सवाल्यांना माहीत. तरी हिशेब केला. आठ हजार. यात बाबांचे पाय विमानाला जोडायचे. बस्स!

रडर म्हणजे नेमकं काय, बॉस?

थोडा टेक्निकल फंडा, घाबरू नका. विमानाच्या शेपटीवर जो उभा पंख असतो, त्याच्या मागच्या बाजूला एक हलणारी फळी असते. ती म्हणजे रडर. पायाखाली दोन पेडल्स. डावं दाबलं की नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. एक पुढे गेलं की दुसरं आपोआप मागे येतं. याशिवाय प्रत्येक पेडलचा वरचा भाग पावलाच्या पुढच्या टोकाने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. त्याला ‘टो ब्रेक’ म्हणतात.

बहुतेकांना वाटतं, विमान रडरने वळतं. चूक! विमान वळतं ते पंख कलवून. रडर ते वळण नीट करतो. नाहीतर विमान ओल्या रस्त्यावरच्या बाइकसारखं शेपूट घसरवत जातं. सेसना १७२ या छोट्या विमानात टेक-ऑफसाठी पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढलं जातं. उजवा पाय दाबून ते सरळ ठेवावं लागतं. रनवेवर बाजूचा वारा असेल, तर उतरताना नाक रनवेच्या रेषेत आणायचं कामही पायांचंच. जमिनीवर हे विमान पेडल्सनीच वळवायचं असतं. हाताने स्टिक पिळून हे सगळं होतं, नाही असं नाही. पण एकाच हाताने कलवायचं, खेचायचं आणि पिळायचं म्हणजे एका हाताने चपाती लाटण्यातला प्रकार.

आता सगळ्यात स्वस्त पर्याय आधी सांगते, कारण दुकानदार तो सांगणार नाही. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो रडर’ असतो. तो ऑन केला की रडर कॉम्प्युटर सांभाळतो. खर्च शून्य! नुकती सुरुवात करत असाल, तर काही महिने खुशाल यावर काढा. बाबांनाही मी तेच सुचवलं. त्यांनी दोन दिवस करून पाहिलं आणि बंद केलं. “सगळं तेच करणार तर मी काय पॅसेंजर आहे?”

विषय संपला.

पहिला शनिवार : बघायचं, शिवायचं, विचारायचं

पेडल्स ऑनलाइन मागवता येतात, मग एवढी पायपीट कशाला? सांगते. ही वस्तू पायाने वापरायची आहे. फोटोवरून चप्पलसुद्धा धड घेता येत नाही आपल्याला. शिवाय माझी एक श्रद्धा आहे. मुंबईत इलेक्ट्रिकची जी काही भानगड असेल, तिचं उत्तर लॅमिंग्टन रोडवर असतं.

या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडातून काही गेले नाहीत. बाबांच्या पिढीला हा रस्ता माहीत आहे तो मिनर्व्हा टॉकीजमुळे. १९७५ साली ‘शोले’ इथे लागला आणि पाच वर्षं हलला नाही. आता मिनर्व्हा नाही, पण गर्दी तशीच. रेडिओचे पार्ट गेले, टीव्हीचे आले. व्हीसीआर गेले, कॉम्प्युटर आले. आता कॅमेरे आणि राउटर. माल बदलतो, काउंटरवरची घासाघीस बदलत नाही.

शिलाई मशीनवाल्या काकांनंतर पुढच्या दुकानात मला अभिमानाने एक खोका दाखवण्यात आला. “मॅडम, यह लो, स्टीअरिंग के साथ पेडल!” कार रेसिंगचा सेट. दिसायला सॉलिड. पण इथे एक मोठी मेख आहे. गाडीची पेडल्स सुटी सुटी असतात, रडरची एकमेकांना जोडलेली. काही हौशी लोक रेसिंगची पेडल्स सॉफ्टवेअरने जोडून एक डावा रडर, एक उजवा असं चालवतात. घरात असा सेट आधीच पडून असेल, तर जरूर करून बघा, फुकट आहे. पण मुद्दाम विकत घेऊ नका. डावा पाय दाबला आणि उजवा जागेवरच राहिला, की पायांना विमान कळतच नाही.

तिसऱ्या दुकानात मात्र नशीब उघडलं. गेमिंगचं सामान विकणारं चिंचोळं दुकान. काउंटरवर माझ्याच वयाचा एक मुलगा. मी ‘रडर’ म्हटलं आणि त्याचा चेहरा फुलला. पहिला प्रश्न बजेटचा नव्हता. “बाबा उडवतात काय? एअरबस की छोटी विमानं?”

प्रश्न एकदम बरोबर. मोठ्या जेट विमानात हवेत असताना पायांना फारसं काम नसतं. यॉ डॅम्पर नावाची यंत्रणा रडर सांभाळते, पाय लागतात ते टेक-ऑफ, लँडिंग आणि जमिनीवर. तेवढ्यासाठी महागडी पेडल्स म्हणजे पार्किंगपुरती मर्सिडीज. छोटी विमानं, जुनी लढाऊ विमानं, हेलिकॉप्टर उडवणार असाल, तर पाय सतत कामात. तिथे पैसे वसूल. आमचे बाबा सेसनाचे भक्त. “मग घ्याच,” तो म्हणाला.

त्याच्याकडे शोकेसमध्ये एक सेट होता. “चप्पल काढून बसा,” त्याने स्टूल पुढे केलं. आणि दहा मिनिटांत मला जे कळलं, ते आठवडाभर रिव्ह्यू वाचून कळलं नव्हतं. घरी आपण सगळे अनवाणी असतो. पायमोजे आणि बूट घालून बसणाऱ्यांसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या खाचा अर्ध्या तासाने तळव्यात रुततात. दोन पेडल्समधलं अंतर कमी असेल, तर गुडघे जवळ घेऊन बसावं लागतं. तरुणांना चालतं, पासष्टीच्या गुडघ्यांना नाही. टाच टेकायला जागा नसेल, तर पोटरी भरून येते. आणि पेडल हलकं असेल, तर जोरात दाबल्यावर अख्खा सेट फरशीवरून पुढे पळतो.

मग त्याने एकेक नाव सांगितलं, मी वहीत उतरवलं. सुरुवातीच्या किमतीत थ्रस्टमास्टरची ‘टीएफआरपी’. रुळांवर सरकणारी, टो ब्रेकसकट. वजनाला हलकी आणि पायांत अंतर कमी. त्याच्या वरची पायरी लॉजिटेकची. हाच सेट पूर्वी सायटेक या नावाने यायचा. २०१६ मध्ये लॉजिटेकने सायटेक विकत घेतली. पाय मोकळे राहतात, बसकण रुंद, आणि मधल्या गोल बटणाने पेडल्स कडक किंवा नरम करता येतात. तिसरी व्हीकेबीची ‘टी-रडर’. आटोपशीर, आत न झिजणारे सेन्सर, पण टो ब्रेक नाहीत. जुनी लढाऊ विमानं उडवणाऱ्यांना त्याची अडचण वाटत नाही. सेसना जमिनीवर फिरवणाऱ्याला वाटते. आणि मग स्वप्नातली मंडळी, थ्रस्टमास्टरची ‘टीपीआर’, क्रोएशियात बनणारी ‘एमएफजी क्रॉसविंड’. वस्तू वजनदार, त्यामुळे परदेशातून मागवली तर कुरिअर आणि कस्टम्स मिळून गणित पार हाताबाहेर.

“आणि नवीन घेतलं तर कितीला?” मी धीर करून विचारलं. त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. सगळ्यात साधा सेटसुद्धा पाच आकडी! माझ्या आठ हजारांनी मान खाली घातली.

प्रॉक्टर रोडचा मोह

तिथून बाहेर पडले आणि प्रॉक्टर रोडला वळले. लॅमिंग्टन रोडला लागूनच असलेली ही गल्ली म्हणजे सुट्या पार्टांची पंढरी. रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच, मोटर... बरण्यांत गोळ्या भराव्यात तसे खोक्यांत भरलेले. इथे कॉलेजची पोरं प्रोजेक्टच्या याद्या घेऊन फिरत असतात.

माझ्या डोक्यात किडा वळवळला, आपणच बनवली तर? हे अगदी शक्य आहे बरं का. प्लायवूडच्या फळ्या, दाराच्या बिजागऱ्या, दोन स्प्रिंगा, पेडलची हालचाल मोजायला सेन्सर आणि ‘प्रो मायक्रो’ नावाचा बोटाएवढा बोर्ड. हा बोर्ड यूएसबीला लावला की कॉम्प्युटरला तो जॉयस्टिक आहे असं वाटतं. (बोर्ड घेताना हेच नाव सांगा. ‘ऊनो’ नावाचा जास्त प्रसिद्ध भाऊ हे काम सरळ करत नाही.) इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा खर्च मला हजाराच्या आत सांगण्यात आला.

मग घेतलं का? नाही. कारण इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त आहे, सुतारकाम नाही. करवत, ड्रिल, जागा आणि मुख्य म्हणजे चार-पाच रविवार. तुमच्याकडे ते असतील, तर यापेक्षा स्वस्त आणि मजेशीर मार्ग नाही. माझ्याकडे वन बीएचके आणि डेडलाइन होत्या. आणि खुर्चीवर कपडे होते.

काउंटरवरच्या मामांनीच जाता जाता तोडगा दिला, “जुना घे बेटा. खराब झाला तर ये, इथेच आहोत आम्ही.”

नाक मुरडणारं विमान

जुना सेट मिळाला पुण्यात. दादाच्या ओळखीतल्या एका सिमवाल्याने महागडी पेडल्स घेतली होती, त्याची आधीची कपाटावर पडून होती. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. साडेपाच हजार. पाय मोकळे, बसकण रुंद, वजन भरपूर. दादा शिवनेरीतून मांडीवर घेऊन आला.

बाबांनी खुर्चीवरचे कपडे स्वतः उचलले. पहिला आठवडा नुसता दंगा! आणि आठव्या दिवशी विमानाला उचक्या लागल्या. सरळ उडत असताना नाक मध्येच टक्कन डावीकडे. पुन्हा सरळ. पुन्हा टक्कन. बाबा म्हणाले, “वारा असेल.” सेटिंगमध्ये वारा शून्य होता.

जुन्या पेडल्सचं हे ठरलेलं दुखणं आहे. बऱ्याच सेटमध्ये हालचाल मोजायला पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजेच ‘पॉट’. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच. त्यात कार्बनच्या पट्टीवर धातूची पत्ती घासत फिरते. वर्षानुवर्षं रडर मधल्याच जागेवर थरथरत राहतो, त्यामुळे पट्टी नेमकी तिथेच झिजते, धूळ बसते आणि आकडे उड्या मारतात. रेडिओचा आवाज वाढवताना खरखर व्हायची, आठवतंय? तीच खरखर आता विमानाच्या शेपटीत. महाग पेडल्समध्ये लोहचुंबकावर चालणारे ‘हॉल सेन्सर’ असतात. काही घासतच नाही, म्हणून झिजतही नाही. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील, तर ते रंगाला किंवा दिव्यांना नाही, या एका गोष्टीला द्या.

आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून पाहिला. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी उचकी परत. मग मात्र पेचकस घेतला.

दुसरा शनिवार : बी की ए?

या वेळी मी हुशार झाले होते. काढलेला पॉट प्लास्टिकच्या डबीत, वायरी कशा जोडल्या होत्या त्याचा फोटो मोबाइलमध्ये. थेट प्रॉक्टर रोडचे मामा.

“दस के चाहिए?” त्यांनी पॉट उजेडात धरून विचारलं. दस के म्हणजे दहा हजार ओहम. मी होकार दिला आणि त्यांनी खोक्यातून एक काढला. मग थांबले, परत ठेवला. “व्हॉल्यूम के लिए नहीं ना?”

आणि इथे मी वाचले! आवाजाच्या बटणाचे पॉट आणि मोजमापाचे पॉट दिसायला जुळे भाऊ. पण आवाजवाला सरळ रेषेत वाढत नाही. आधी हळू, मग एकदम. तो पेडलला लावला असता तर एका पायाला विमान सुस्त आणि दुसऱ्या पायाला पिसाट! रडरला ‘लिनिअर’ पॉट लागतो. असल्या बाजारातल्या मालावर त्याची खूण साधारणपणे ‘बी’, आवाजवाल्याची ‘ए’. पुढे मामांनी दांडा तपासला. आमच्या पॉटचा दांडा एका बाजूने सपाट होता, त्यांच्या हातातला दात्यांचा. मग सपाट दांड्याचा शोधला. चाळीस रुपयांचा एक. दोन घेतले, एक उद्यासाठी. मामांचा शेवटचा सल्ला : पॉटला तीन पाय असतात, मधला कधी चुकवायचा नाही. बाजूचे दोन उलटे लागले तर घाबरायचं कारण नाही, रडर फक्त उलटा चालेल. सेटिंगमध्ये सरळ करता येतो.

एक काम बाकी होतं. सेटमधली स्प्रिंग बाबांच्या गुडघ्याला जड जात होती. स्प्रिंगसाठी लॅमिंग्टन रोड नाही, नागदेवी स्ट्रीट! क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या अंगाला, मशिनरी आणि हार्डवेअरचा बाजार. टॅक्सी केली. परत डोंबिवलीला जायला मशीद बंदर स्टेशन तिथून चालत, म्हणजे वाकडी वाटही नाही. बेअरिंग, बोल्ट, साखळ्या आणि भिंतभर टांगलेल्या स्प्रिंगा. इथेही तोच नियम, जुनी बरोबर न्यायची. लांबी आणि घेर तोच ठेवायचा, तार जरा बारीक मागायची. जराच हं! तार थोडी बारीक झाली तरी स्प्रिंग बरीच नरम होते. साठ रुपयांत दोन.

मला वाटतं, परवडणं म्हणजे काय, ते मला या दोन गल्ल्यांत कळलं. खोक्यावरची किंमत ही फक्त पहिली किंमत. वस्तू उघडता येते का, आतला पार्ट चाळीस रुपयांत मिळतो का, आणि ज्याचे पाय त्यावर असणार त्याला ती बसते का, हे धरलं तर माझा जुना, उचक्या देणारा सेट नव्यापेक्षा भारी ठरला. न बसणारी स्वस्त वस्तू सगळ्यात महाग. ती खुर्चीवर कपडे आणते.

चॉक्स ऑन!

रविवारी मी डाग दिला (सोल्डरिंग कॉलेजात शिकले होते, त्या डिग्रीचा पहिला उपयोग हा), बाबांनी स्प्रिंगा बसवल्या. उचकी गायब! मग नवीनच गंमत. बाबांनी रडर दाबला की पेडल्स जागेवर, पण चाकांची खुर्चीच मागे कपाटाकडे. पेडल्सखाली प्लायवूड आणि वेल्क्रो लावलं होतं, खुर्चीचं काय? मी चाकं काढू या म्हटलं, आई म्हणाली साधी खुर्ची घ्या. बाबा काही न बोलता उरलेला प्लायवूडचा तुकडा घेऊन बाल्कनीत गेले.

अर्ध्या तासाने आले ते छोटे तिरके ठोकळे घेऊन. प्रत्येक चाकाला पुढून एक, मागून एक. रॅम्पवर विमानाच्या चाकांना लावतात तसेच. “चॉक्स,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं हे काढले की विमान सुटायचं. आता लावल्यावर सुटणार.”

मग त्यांनी जुहू निवडलं. आपलं छोटं जुहू एअरोड्रोम, १९२८चं. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले, तेच. शेजारीच सांताक्रूझ. दोन्ही इतकी जवळ, की १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि रनवे संपल्यावर पुढे गेलं. ही गोष्ट बाबांना रॅम्पवरच्या सीनियर लोकांनी सांगितलेली, आम्हाला बाबांनी.

समुद्रावरून वारा होता म्हणून समुद्राच्या दिशेने टेक-ऑफ. पूर्ण पॉवर. नाक डावीकडे ओढलं गेलं आणि मी बाबांच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी उजवा पाय हळूच पुढे गेला, डावा मागे आला. नाक सरळ. जुहू बीच खालून गेला. मनगट शांत होतं.

वळून त्यांनी सांताक्रूझवरून एक फेरी मारली. रॅम्प वरून दिसला. बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “वरून एवढासा दिसतो होय!”

आई हाक मारत होती. जेवण वाढलं होतं. “पाच मिनिटं,” आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

जाताय? मग हे लक्षात ठेवा

कसं जाल : वेस्टर्न लाइनची स्लो लोकल, ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेला बाहेर. रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दुपारच्या आत जा. नागदेवी स्ट्रीटसाठी सेंट्रल किंवा हार्बरचं मशीद बंदर.

काय न्याल : खराब झालेला पार्ट, त्याचा जोडणीचा फोटो, सुटे पैसे, पाण्याची बाटली.

विकत घेण्याआधी : काय उडवणार ते ठरवा. चप्पल काढून बसून बघा. पायांतलं अंतर, टाचेची जागा, वजन, टो ब्रेक हवेत की नकोत आणि आत पॉट आहे की हॉल सेन्सर, हे पाच प्रश्न विचारा.

जुनं घेताना : कॉम्प्युटरला लावून पेडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. पडद्यावरचा आकडा सरळ चढला पाहिजे. मधल्या जागी पाय न हलवता मिनिटभर थांबा. आकडा उड्या मारत असेल, तर भाव पाडा.

कोणत्या क्रमाने : आधी फुकटचा ऑटो रडर, मग ट्विस्ट स्टिक, मग जुनी पेडल्स, आणि सगळ्यात शेवटी नवी.

माझा हिशेब : जुना सेट ५,५०० रुपये, दोन पॉट ८०, स्प्रे २६०, स्प्रिंगा ६०, प्लायवूड आणि वेल्क्रो ३५०. एकूण ६,२५० रुपये. चॉक्स फुकट!